टीममधल्या सीपीए उमेदवारांची नोंद कशी ठेवायची: टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पुण्या-मुंबईत अमेरिकन टॅक्स किंवा ऑडिटचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक टीममध्ये सीपीए (अमेरिकेतल्या लायसन्सधारक अकाउंटंटची परीक्षा) देणाऱ्यांची एक एक्सेल शीट असते. डावीकडे नावं, पुढे चार पेपरचे चार रकाने, पास झाला की हिरवा रंग, नाही तर लाल. तिमाही संपली की कोणीतरी ती उघडतं, हिरवे चौकोन मोजतं आणि आकडा वर पाठवतं. एवढं सगळं होऊनही एखाद्याची एनटीएस (परीक्षेची तारीख घेण्याची परवानगी) न वापरता संपते, एखादीचा पास झालेला पेपर मुदत उलटून बाद होतो आणि कोणी चारही पेपर काढून वर्षानुवर्षं लायसन्सविना बसून राहतं. झालेलं सगळं त्या शीटमध्ये असतं. पुढे काय संपणार आहे, ते मात्र तिच्यात कुठेच नसतं.

हा लेख टीम लीड, मॅनेजर आणि एचआरमध्ये प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्यांसाठी आहे. पाच माणसांची टीम असो की पन्नास, पद्धत तीच. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका. बहुतेक गोंधळ तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात केल्यामुळे होतात.

## टप्पा १: आधी प्रत्येकाचं राज्य लिहून घ्या

परीक्षा सगळ्यांची एकच, पण नियम एक नाहीत. प्रश्नपत्रिका एआयसीपीए ही अमेरिकेतल्या सीपीएंची संस्था तयार करते, अर्ज आणि निकालाची व्यवस्था नॅस्बा ही राज्यांच्या बोर्डांची संघटना बघते, परीक्षा प्रोमेट्रिक या कंपनीच्या केंद्रावर होते. पण उमेदवार पात्र आहे की नाही, त्याचं क्रेडिट (पास झालेला पेपर ग्राह्य धरला जाणं) किती महिने टिकणार आणि लायसन्स द्यायचं की नाही, हे ठरवतं त्या-त्या राज्याचं अकाउंटन्सी बोर्ड. राज्यं आणि प्रदेश मिळून अशी ५५ बोर्डं आहेत. त्यामुळे एकाच टेबलावर शेजारी बसणाऱ्या दोघांच्या मुदती वेगळ्या असू शकतात, आणि असतातच.

म्हणून प्रत्येकाकडून एक पानी माहिती घ्या. त्यात एवढं हवं:

- कोणत्या बोर्डाकडे अर्ज केला किंवा करणार आहे
- परीक्षेला बसण्यासाठी तिथे शिक्षणाचे किती क्रेडिट तास लागतात, लायसन्ससाठी किती
- क्रेडिटची मुदत किती महिन्यांची आणि ती कोणत्या दिवसापासून मोजतात
- एनटीएस किती दिवस चालते
- लायसन्ससाठी किती अनुभव, कोणाच्या सहीने, आणि एथिक्सची परीक्षा लागते का

ही माहिती उमेदवाराने स्वतः बोर्डाच्या संकेतस्थळावरून काढायची. क्लासच्या समुपदेशकाने फोनवर सांगितलेलं किंवा टीममधल्या सीनियरच्या आठवणीतलं चालणार नाही. नियम सध्या वेगाने बदलत आहेत. लायसन्ससाठी १५० क्रेडिट तास ही अट वर्षानुवर्षं होती. २०२५ च्या जानेवारीत ओहायोने पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्यायी मार्ग मंजूर केला आणि मग इतर राज्यांतही तसे कायदे होऊ लागले. दोन वर्षांपूर्वी ज्याने आपल्या राज्याचे नियम वाचले होते त्याला ते आज पुन्हा वाचावे लागतील.

तपासा: पानावर नियम वाचल्याची तारीख आहे का? नसेल तर पान परत करा. दर जानेवारीत हे पान नव्याने भरून घ्यायचं.

अजून अर्जच केला नसेल त्याच्यासाठी इथेच थांबून एक काम करा: मार्कशीटचं मूल्यांकन. तीन वर्षांच्या बी.कॉम.चे साधारण ९० क्रेडिट तास धरले जातात, त्यामुळे नुसत्या बी.कॉम.वर बहुतेक ठिकाणी बसता येत नाही. एम.कॉम., सीए किंवा आणखी एखादा कोर्स लागतो, आणि कशाला किती क्रेडिट मिळणार हे मूल्यांकन करणारी संस्था ठरवते. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढून ती थेट त्या संस्थेला पाठवायची, या एका कामात कितीतरी आठवडे जातात. अभ्यास सुरू करून मग ट्रान्सक्रिप्टच्या मागे लागणारे शेवटी एफएआरचा (आर्थिक हिशेबाच्या पेपरचा) अभ्यास दोनदा करतात.

## टप्पा २: नाव पासपोर्टशी जुळवा

हा टप्पा फालतू वाटतो म्हणून सगळे गाळतात. सर्वात महागात पडणारी चूक इथेच होते.

आपल्याकडची कागदपत्रं बघा. दहावी-बारावीच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी: देशमुख प्राजक्ता सुनील, खाली आईचं नाव. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात प्राजक्ता सुनील, आडनावाच्या रकान्यात देशमुख. लग्नानंतर पासपोर्ट नवा काढला असेल तर त्यावर प्राजक्ता अमित कुलकर्णी. आधार आणि कंपनीच्या रेकॉर्डवर नुसतं प्राजक्ता देशमुख. अर्ज भरताना बाई सवयीने गुणपत्रिकेसारखं नाव टाकते, एनटीएस त्याच नावाने येते, आणि भारतातल्या केंद्रावर ओळखपत्र म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो. दोन्ही नावं जुळली नाहीत तर केंद्रावरचा माणूस आत सोडत नाही. त्या दिवशी त्याच्याशी वाद घालून काही होत नाही, आणि भरलेली फी परत मिळत नाही.

करायचं असं:

१. अर्जाच्या आधी पासपोर्ट समोर ठेवून नाव अक्षर न अक्षर उतरवून घ्या. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव हे कोणत्या रकान्यात काय आहे यासकट.

२. पासपोर्ट कधी संपतो ते लिहा. चार पेपरांचा प्रवास दोन वर्षं चालू शकतो. मधेच नवीन पासपोर्ट काढायचा आणि त्याच वेळी लग्नानंतरचं नाव घालायचं, असं होणार असेल तर ते पहिल्या अर्जाआधी करून घ्यायला सांगा.

३. गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल तर जोडणारा कागद तयार ठेवा. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र. मूल्यांकन करणारी संस्था तो मागू शकते.

४. एनटीएस हातात आली की त्याच दिवशी पुन्हा पासपोर्टशी ताडून बघा. फरक असेल तर सीट बुक करण्याआधी दुरुस्तीसाठी लिहा.

सावध: पासपोर्टची प्रत टीमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका. तुम्हाला फक्त नावाचं स्पेलिंग आणि संपण्याची तारीख हवी आहे. तेवढंच लिहा.

## टप्पा ३: शीट बनवा, पण एका माणसाला एक ओळ देऊ नका

चार रकान्यांच्या शीटमध्ये दुसऱ्या प्रयत्नाला जागाच नसते. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास, की हिरवा रंग लालावर बसतो आणि आधीचा सगळा इतिहास पुसला जातो. म्हणून एका प्रयत्नाला एक ओळ द्या. एकाच माणसाच्या रेग या पेपरच्या दोन प्रयत्नांना दोन ओळी. शीट लांबते, पण फिल्टर लावला की प्रत्येकाचा प्रवास सरळ दिसतो.

रकाने हे ठेवा: नाव, बोर्ड, पेपर, कितवा प्रयत्न, अर्जाची तारीख, एनटीएस मिळाल्याची तारीख, एनटीएस संपण्याची तारीख, केंद्र आणि परीक्षेची तारीख, निकालाची अपेक्षित तारीख, निकाल, क्रेडिट संपण्याची तारीख, पुढचं पाऊल, ते कोण करणार, कधीपर्यंत. शेवटचे तीन रकाने सगळ्यात जास्त कामाचे. एकही ओळ "पुढचं पाऊल" रिकामं ठेवून सोडायची नाही.

पेपर कोणते हे नीट लिहा. २०२४ च्या जानेवारीपासून रचना बदलली आहे. तीन मुख्य पेपर सगळ्यांना सारखे: ऑड (ऑडिट), एफएआर (आर्थिक हिशेब आणि अहवाल) आणि रेग (टॅक्स आणि कायदा). चौथा डिसिप्लिनचा, म्हणजे निवडीचा, त्यात बार (व्यवसाय विश्लेषण आणि अहवाल), आयएससी (माहिती प्रणाली आणि नियंत्रणं) आणि टीसीपी (टॅक्सचं अनुपालन आणि नियोजन) यांपैकी एक. डिसिप्लिनमध्ये नापास झालं तर पुढच्या वेळी दुसरा विषय घेता येतो, म्हणून तो रकाना आधीच कायमचा भरून टाकू नका. प्रत्येक पेपर चार तासांचा, पास व्हायला ७५ लागतात. हे ७५ म्हणजे टक्के नव्हेत, काठिण्य लक्षात घेऊन बसवलेली मोजपट्टी आहे. ७४ मिळालेल्याला "एक मार्क कमी पडला" असं सांगून पुढे ढकलू नका.

आता मुदत. पहिला पेपर पास झाला की घड्याळ सुरू होतं आणि ठरलेल्या महिन्यांत उरलेले पेपर काढावे लागतात. पूर्वी हे सर्रास १८ महिने होते. २०२३ मध्ये नॅस्बाने नमुना नियम ३० महिन्यांचा केला आणि बऱ्याच बोर्डांनी तो स्वीकारला. तरीही आपल्या उमेदवाराच्या बोर्डाचा आकडा पहिल्या टप्प्यातल्या पानावरूनच घ्यायचा.

हिशोब करून बघू. समजा एफएआर १४ जानेवारी २०२५ ला दिला आणि निकाल १० फेब्रुवारी २०२५ ला लागला. ३० महिने निकालापासून धरले तर क्रेडिट १० ऑगस्ट २०२७ पर्यंत. परीक्षेच्या दिवसापासून धरले तर १४ जुलै २०२७ पर्यंत. बोर्ड १८ महिन्यांवरच असेल तर निकालापासून १० ऑगस्ट २०२६. तोच पेपर, तोच निकाल, आणि वर्षभराचा फरक. एक्सेलमध्ये ईडेटचा (तारखेत महिने मिळवणारा) फॉर्म्युला लावा, महिने वेगळ्या रकान्यात ठेवा, मोजणी कुठून सुरू होते तेही लिहा. डोक्यात हिशोब करून तारीख टाइप करायची नाही.

आणखी एक बारकावा. पहिल्या पेपरची मुदत संपली तर फक्त तोच बाद होतो आणि घड्याळ दुसऱ्या पास झालेल्या पेपरवर सरकतं. त्यामुळे क्रेडिट संपण्याची तारीख माणसाला नव्हे, प्रत्येक पास पेपरला लागू असते. शेवटचा पेपर मुदतीआधी नुसता दिलेला चालतो की निकालही मुदतीत हवा, याचंही उत्तर बोर्डाकडूनच घ्या. उत्तर काहीही असो, शीटमध्ये दोन महिने आधीची तारीख "शेवटची" म्हणून टाका.

तपासा: शीट उघडून "पुढच्या ९० दिवसांत संपणारं" असा फिल्टर लावा. एका मिनिटात यादी निघाली तर रचना बरोबर. नाही निघाली तर अजून आधीचीच शीट चालू आहे.

## टप्पा ४: कामाचं कॅलेंडर आणि पेपरचं कॅलेंडर एकावर एक ठेवा

इथे वेळ घाला. सगळ्यात जास्त पेपर इथे बुडतात, आणि त्यात उमेदवाराचा दोष क्वचितच असतो.

मुख्य तीन पेपर वर्षभर बहुतेक दिवस देता येतात. डिसिप्लिनचा पेपर मात्र साधारण तिमाहीच्या पहिल्या महिन्यातच असतो: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. त्या वर्षीचं वेळापत्रक एआयसीपीएकडून तपासून घ्यायचं. आता टॅक्स टीमच्या तारखा बघा. १५ मार्चला पार्टनरशिप आणि एस कॉर्पोरेशन, १५ एप्रिलला वैयक्तिक आणि सी कॉर्पोरेशन, मग मुदतवाढीची १५ सप्टेंबर आणि १५ ऑक्टोबर. म्हणजे चारपैकी एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन महिने अर्धे डेडलाइनमध्ये जातात. जानेवारीच्या शेवटी कामाचा ओघ सुरू होतो. मोकळा उरतो जुलै.

ऑक्टोबरचा भरवसा धरणाऱ्यांनी दिवाळी बघावी. २०२५ मध्ये १५ ऑक्टोबरची डेडलाइन संपली आणि २१ ला लक्ष्मीपूजन होतं. मधल्या चार-पाच दिवसांत घरची साफसफाई, प्रवास आणि टीसीपीची उजळणी हे सगळं कोणाला जमणार?

टॅक्स टीमसाठी मला पटणारा क्रम असा. १५ एप्रिल संपली की चार दिवस विश्रांती, मग रेग, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेपर. रिटर्न भरून हात गरम असतात, वैयक्तिक टॅक्सचा भाग अर्धा तयार असतो. रेगचा निकाल येण्याची वाट न बघता लगेच टीसीपी, जुलैत. दोन्हींचा अभ्यासक्रम एकमेकांना लागून आहे, मधे सहा महिने गेले की तो फायदा जातो. एफएआर सगळ्यात लांब, त्याला ऑक्टोबर डेडलाइननंतरचे आठवडे आणि डिसेंबरमधला पेपर. ऑड पुढच्या मे-जूनमध्ये. साधारण वर्षभरात चारही पेपर होतात, एखादा अडला तरी मुदतीत जागा उरते.

ऑडिट टीमचा क्रम वेगळा निघेल, त्यांनी ऑड आणि एफएआर आधी घ्यावेत. पण तत्त्व तेच: ज्या विषयाचं काम नुकतंच हातून गेलंय त्याचा पेपर आधी.

क्रम ठरला की रजा. परीक्षेआधीचे किमान पाच कामाचे दिवस सुट्टी म्हणून त्याच दिवशी मंजूर करा आणि टीमच्या कॅलेंडरवर टाका. "जवळ आल्यावर बघू" असं म्हणालात की त्या आठवड्यात क्लायंटचं काहीतरी निघतंच. एकाच क्लायंटवरच्या दोघांना एकाच आठवड्यात पेपर येऊ देऊ नका.

सावध: रजा मंजूर करून त्याच आठवड्यात "फक्त एक तासाचा कॉल" लावणं म्हणजे रजा रद्द करण्यासारखंच आहे. उमेदवार नाही म्हणणार नाही. ते नाही म्हणणं तुमचं काम.

## टप्पा ५: एनटीएस तयारीनंतर, आणि एकावेळी जेमतेम

एनटीएस म्हणजे परीक्षेची तारीख घेण्याची परवानगी. बऱ्याच बोर्डांची ती सहा महिने चालते, काहींची कमी किंवा जास्त. मुदतीत पेपर दिला नाही तर त्या पेपरची फी गेली.

उत्साहात चारही पेपरांची फी एकदम भरण्याची चूक नवीन मंडळी हमखास करतात. सहा महिन्यांत नोकरी सांभाळून चार पेपर देणं फार थोड्यांना जमतं. एक किंवा फार तर दोन पेपर मागवा, आणि तेही पहिली दोन-तीन प्रकरणं वाचून झाल्यावर.

भारतातून देणाऱ्यांसाठी क्रम असा: बोर्डाकडे अर्ज आणि फी, एनटीएस, मग परदेशी केंद्रासाठी प्रत्येक पेपरमागे नॅस्बाला वेगळी फी, आणि त्यानंतर प्रोमेट्रिकवर सीट. ही वेगळी फी भरल्याशिवाय भारतातलं केंद्र निवडता येत नाही. भारतात ही परीक्षा २०२० पासून देता येते. मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, कोलकाता अशी केंद्रं आहेत. हव्या त्या शनिवारी हवं ते केंद्र मिळेलच असं नाही, म्हणून एनटीएस आल्यापासून आठवड्याभरात सीट बुक झालीच पाहिजे.

आठवड्यात सीट दिसली नाही तर असा निरोप पाठवा:

"प्राजक्ता, तुझ्या रेगची एनटीएस १८ सप्टेंबरला संपते आणि अजून सीट दिसत नाहीये. या शुक्रवारपर्यंत तारीख ठरवून मला कळव. मुंबईत मिळत नसेल तर हैदराबाद बघू, प्रवासाची मंजुरी मी काढून ठेवते."

यात तारीख आहे, काम आहे, मदत आहे. "अभ्यास कसा चाललाय?" या निरोपाला "चाललाय" एवढंच उत्तर येतं.

पैशांबद्दल थोडक्यात. परतफेडीचा नियम पहिल्या पेपरच्या आधी लेखी द्या: पास झाल्यावरच की प्रत्येक प्रयत्नाला, परदेशी केंद्राची फी धरणार का, डॉलरमधल्या व्यवहारावर बँक जो जादा आकार लावते तो कोण सोसणार. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या प्रयत्नाची फी निकाल काहीही लागो, कंपनीने द्यावी. पास झाल्यावरच पैसे असा नियम असला की माणसं तारीख पुढे ढकलत राहतात.

## टप्पा ६: अभ्यासाची पाहणी दर पंधरवड्याला, पंधरा मिनिटांत

किती तास अभ्यास केला हे विचारू नका. आकडा खरा नसतो आणि खरा असला तरी काही सांगत नाही. तीनच गोष्टी विचारा:

१. ठरलेल्या यादीतलं कोणतं प्रकरण संपलं?

२. त्या प्रकरणाचे सिम्युलेशनचे (प्रत्यक्ष कामासारखे) प्रश्न सोडवले का?

३. मागच्या वेळी कच्चा निघालेला भाग पुन्हा तपासला का?

दुसरा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. बेकर, यूवर्ल्ड किंवा इतर कोणतीही ॲप असो, तिथे बहुपर्यायी प्रश्नांची टक्केवारी मोठ्या अक्षरांत दिसते आणि सगळे तीच दाखवतात. पण बहुतेक पेपरांत निम्मे गुण सिम्युलेशनला असतात, फक्त आयएससीत ते थोडे कमी. बहुपर्यायीमध्ये ऐंशी टक्के दाखवणारी माणसं सिम्युलेशनला हातही न लावता केंद्रावर पोचतात आणि तिसऱ्या टेस्टलेटला, म्हणजे पेपरच्या तिसऱ्या भागाला, अडकतात.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी एक पूर्ण चार तासांचा सराव पेपर, एका बैठकीत, फोन बाजूला ठेवून. तो ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये द्यायला जागा करून द्या. घरी तो पूर्ण होत नाही.

तपासा: सराव पेपरमध्ये शेवटच्या दोन टेस्टलेटना वेळ उरला का? नसेल तर आता नवीन प्रकरण वाचायचं नाही, वेळेची विभागणीच करायची. तारीख बदलावी लागेल अशी शंका आधीच आली तर ती ३० दिवस आधीच बदला, नंतर (म्हणजे सराव पेपरनंतरही) शुल्क लागतं आणि जितका उशीर तितकं वाढतं.

## टप्पा ७: परीक्षेचा आठवडा

याबद्दल थोडंच. पासपोर्ट आणि एनटीएसची छापील प्रत सोबत. केंद्रावर किमान अर्धा तास आधी. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्याने आदल्या संध्याकाळीच पोचावं, आणि जुलैत तर नक्कीच: घाटातला पाऊस आणि मुंबईतली लोकल, दोन्ही तुमचं वेळापत्रक जाणत नाहीत. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च परीक्षेच्या फीसमोर काहीच नाही. मंजुरी द्या.

सावध: परत आल्यावर "काय काय विचारलं?" असं कोणीही विचारायचं नाही. प्रश्न उघड न करण्याची अट उमेदवाराने परीक्षेआधी मान्य केलेली असते. टीमच्या ग्रुपवर टाकलेला एक प्रश्न त्याचा निकाल रद्द करू शकतो. हे नवीन मॅनेजरना आवर्जून सांगा, कारण आपल्याकडे पेपर सुटला की प्रश्न विचारणं हीच सवय असते.

## टप्पा ८: निकालाच्या दिवशी

निकाल आधी जाहीर केलेल्या तारखांना लागतो. ती तारीख शीटमध्ये असतेच. त्या दिवशी सकाळपासून मेसेज करू नका. उमेदवाराने स्वतः सांगण्यासाठी दोन दिवस द्या. पासवर्ड कधीही मागू नका आणि गुण टीमसमोर वाचू नका. गुण ही वैयक्तिक माहिती आहे, शीट कोण कोण बघणार हे सुरुवातीलाच उमेदवाराला सांगून लेखी संमती घ्या. वरच्यांना पाठवताना पास की नाही एवढंच पाठवा.

पास असेल तर क्रेडिट संपण्याची तारीख भरा आणि त्याच बैठकीत पुढच्या पेपरची ओळ उघडा.

नापास असेल तर निकालासोबत कामगिरीचा अहवाल येतो. त्यात विषयाच्या प्रत्येक भागात आपण पास झालेल्यांच्या तुलनेत कच्चे, सारखे की चांगले हे दिलेलं असतं. हाच अहवाल पुढच्या प्रयत्नाचा आराखडा. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत पुन्हा अर्ज, आणि अभ्यास फक्त कच्च्या भागावर. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करणारे थकतात. एकाच पेपरमध्ये दोनदा नापास झालेल्याला दुसरा पेपर आधी देऊन बघायला सांगा, एक हिरवा चौकोन मिळाला की माणूस उभा राहतो. फक्त क्रेडिटचं घड्याळ बघून.

## टप्पा ९: चौथा पेपर पास झाला म्हणजे लायसन्स मिळालं नाही

बहुतेक शीट इथे संपतात आणि माणसं इथेच अडकतात. भारतातून परीक्षा देताना उमेदवार संमतिपत्र भरतो, त्यात चारही पेपर पास झाल्यावर तीन वर्षांत लायसन्सची प्रक्रिया पूर्ण करण्याची हमी असते. ते वाचून सही केल्याचं फार थोड्यांना आठवतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची शेवटची ओळ "लायसन्स" नावाची ठेवा आणि ती पहिल्या दिवशीच उघडा.

त्या ओळीत तीन कामं. एक, एथिक्सचा कोर्स आणि परीक्षा, बऱ्याच बोर्डांना ती लागते आणि पास व्हायला ९० टक्के. दोन, क्रेडिट तास कमी पडत असतील तर ते कुठून भरणार. तीन, अनुभवाचं प्रमाणपत्र.

तिसरं काम सगळ्यात जास्त रखडतं. बहुतेक ठिकाणी एक वर्षाचा, साधारण २,००० तासांचा अनुभव लागतो आणि त्यावर चालू लायसन्स असलेल्या सीपीएची सही हवी असते. ज्या मॅनेजरच्या हाताखाली काम केलं तो दुसऱ्या कंपनीत जातो, किंवा त्याचं लायसन्स त्या काळात निष्क्रिय असतं, आणि मग दोन वर्षांच्या जुन्या कामाची सही कोण देणार हा प्रश्न उभा राहतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी चारही पेपर पास होऊन फक्त या सहीसाठी दीड वर्ष थांबली.

उपाय साधा आहे, पण आधी करावा लागतो. दर सहा महिन्यांनी उमेदवाराने केलेल्या कामाचे प्रकार आणि तास एका पानावर लिहून घ्या, सही देऊ शकणाऱ्या सीपीएकडून ते तपासून घ्या, त्याचा लायसन्स क्रमांक आणि राज्य लिहून ठेवा. मॅनेजर कंपनी सोडतोय असं कळलं की त्याच्या शेवटच्या दिवसाआधी त्याच्या हाताखालच्या सगळ्या उमेदवारांची पानं पूर्ण करून घ्या. एचआरच्या निरोपाच्या यादीत लॅपटॉप आणि आयकार्डच्या खाली ही एक ओळ घाला: "सीपीए अनुभव प्रमाणपत्रं बाकी आहेत का?"

लायसन्स क्रमांक मिळाला की उमेदवाराच्या सगळ्या ओळी वेगळ्या शीटमध्ये हलवा. मूळ शीटमध्ये त्याच्या नावाने आता फक्त नूतनीकरणाची तारीख आणि त्या मुदतीत पूर्ण करायचे सीपीई (सततच्या व्यावसायिक शिक्षणाचे) तास राहतील.